फळ निसटतं, साल राहते, बोट कापतं : न बघता चिरताना काय तपासायचं

आधी लक्षणं. नजर गेलेली असेल आणि यातलं एक जरी तुमच्या स्वयंपाकघरात वरचेवर होत असेल तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

• आंबा किंवा सफरचंद पाटावर टेकवलं की घरंगळतं. सुरी उतरते तेव्हा फळ भलतीकडेच गेलेलं असतं.
• सोलून झालं असं वाटतं, पण खाणारा म्हणतो एका बाजूची साल तशीच आहे. दुसऱ्या बाजूचा निम्मा गर सालीबरोबर गेलेला.
• मुंबईच्या पाहुण्यांनी आणलेला आंब्याचा कटर अर्ध्यात जाऊन बसतो. खाली जात नाही, वरही येत नाही.
• पहिली फोड दाराला लावायच्या पाचरीएवढी, शेवटची कागदासारखी.
• अननस कोरायला घ्यावा तर रस कोपरापर्यंत, आणि बुडाला भोक.
• डाव्या अंगठ्याला दर खेपेस त्याच जागी कापतं.
• सुरी खाली ठेवली की परत सापडत नाही.

शेवटचं लक्षण दिसायला साधं, पण मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. सुरी शोधणारा हात धारेवर पडतो. फळ चिरताना कापून घेतलेल्यांपेक्षा सुरी चाचपताना कापून घेतलेल्यांचेच फोन मला जास्त येतात.

माझी नजर गेली त्याला चौदा वर्षं झाली. सुरुवात रातांधळेपणाने झाली, मग हळूहळू कडा मिटत गेल्या. देवगडकडचं घर, दाराशी हापूसची कलमं, मागे दोन फणस, रातांबे. फळ चिरणं ही आमच्याकडे हौस नाही, उन्हाळाभराचं काम आहे. पहिल्या दोन वर्षांत मिळेल ते यंत्र घेतलं. एक अख्खा खण भरला. आज त्यातली चार वापरते. एप्रिल लागला की ओळखीचे, ओळखीच्यांचे ओळखीचे फोन करतात. "काकी, आंबो फिरता," एवढं ऐकलं तरी पुढचं कळतं. कोणता कटर घेऊ, हा त्यांचा प्रश्न असतो. बिघाड मात्र कटरमध्ये क्वचितच असतो. एक तर फळ जागेवर थांबलेलं नसतं, नाही तर हाताला धार कुठे आहे ते माहीत नसतं. म्हणून खालच्या क्रमानेच जा. वरच्या पायऱ्यांना पैसे लागत नाहीत. यंत्राचा नंबर बराच खाली आहे.

१. बोटं काय सांगतात?

ताटलीत चार दाणे तांदळाचे आणि चार तुरीच्या डाळीचे टाका. बोटांनी वेगळे करा. सहज जमलं तर पुढे चला.

ही तपासणी पहिली ठेवली आहे, कारण मधुमेहाने नजर गेलेल्यांत कधीकधी बोटांचा स्पर्शही बोथट झालेला असतो. पायांचा आधी जातो, मग हातांचा. आपली सगळी मदार बोटांवर. दाणे वेगळे करता आले नाहीत तर सुरी, सोलाणं, कटर सगळं बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना हात दाखवा. तोपर्यंत केळं, पपनसाच्या पाकळ्या, जांभळं, करवंदं खा. कोकणात धारेशिवाय खाता येणारी फळं काही कमी नाहीत.

२. पाट सरकतो का?

चिरायचा पाट ओट्यावर ठेवा आणि एका बोटाने ढकला. हलला तर त्याखाली ओला, घट्ट पिळलेला पंचा पसरा. परत ढकला. पावसाळ्यात आमच्याकडे ओटाही घामेजतो. तेव्हा ओटा आधी कोरडा पुसून घ्या, नाहीतर पंचाही सरकतो.

नजर असलेला माणूस सरकणाऱ्या पाटामागून हात नेतो, त्याला ते कळतही नाही. आपल्याला पाटाची कड हीच दिशा. ती हलली की सगळा हिशोब चुकतो.

३. पाट परातीत ठेवा

मोठी, उभ्या काठाची परात घ्या. तिच्यात ओला पंचा, पंच्यावर लहान पाट. आता घरंगळलेलं फळ काठाला थडकून थांबतं आणि आवाजावरून कुठे गेलं ते कळतं. फोडी आत राहतात, रसही आत राहतो. एवढ्यानेच अर्ध्या तक्रारी बंद झालेल्या मी पाहिल्या आहेत. (हो, 'पाहिल्या'च म्हणते. शब्द बदलायला मी काही नवीन भाषा शिकणार नाही.)

४. सुरीला घर आहे का?

माझी सुरी परातीच्या पलीकडे, भिंतीला लागून आडवी असते. मूठ उजवीकडे, धार भिंतीकडे. एक फोड कापली तरी तिथेच परत. शोधताना हात भिंतीवरून खाली घसरत आणायचा आणि आधी मूठ गाठायची, ओट्यावरून चाचपत जायचं नाही. बेसिनमध्ये, भांड्यांत, साबणाच्या पाण्यात सुरी कधीच टाकायची नाही. ती लगेच धुवायची, पाठीकडून पुसायची आणि घरी पाठवायची.

आणि घरातल्या डोळस मंडळींना बजावून ठेवा. आमच्याकडे सुरीची जागा मी कधी चुकवलेली नाही. चुकवतो तो घरातला जावई.

५. फळाला बूड आहे का?

गोल फळ फिरणारच. पहिला काप फोडीसाठी घालायचाच नाही, तो बूड करण्यासाठी घालायचा. सफरचंदाच्या खालची पातळ चकती काढा आणि त्यावर ते उभं करा. पेरूचं तसंच. पपई, कलिंगड अर्धं झालं की सपाट बाजू लगेच खाली.

आंब्याला जरा वेळ द्यावा लागतो, कारण आंब्यात बाठा आहे आणि बहुतेकांची सुरी, कटर, धीर, सगळं तिथेच अडतं. बाठा चपटा असतो. आंबा परातीत सोडा आणि हलकेच ढकला. लोळून तो रुंद बाजूवर थांबतो. म्हणजे आत बाठा आडवा पसरलेला. आता देठाकडची चकती काढा, करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढीच. कापलेल्या जागी बोट फिरवा. मऊ गरात एक कडक टोक लागेल, आणि ते गोल लागणार नाही, लांबट लागेल. टोक ज्या दिशेला लांबट, बाठाही त्याच दिशेला पसरलेला. नाही लागलं तर आणखी एक पातळ चकती काढा.

मग आंबा त्या सपाट भागावर उभा करा. बाठ्याची लांबट रेघ तुमच्या छातीकडून समोर भिंतीकडे जायला हवी. सुरी त्या रेघेच्या उजवीकडे अर्ध्या बोटावर ठेवून खाली आणा. पातं बाठ्याला घासलं तर खरखर हाताला कळते, तेव्हा जरा बाहेर व्हा. एक फोड सुटली. आंबा अर्धा वळवून परत उजवीकडेच कापा, म्हणजे सुरीचा हात बदलत नाही.

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं भाचीने मला सरावासाठी आणून दिली होती. आंबा इतका हुबेहूब की चोचही हाताला लागते. बाठा तेवढा नाही. पण कोणतं फळ कुठे रुंद, कुठे निमुळतं, हे हाताला शिकवायला ती बरी, आणि सडत नाहीत.

६. धार आहे का?

बोट लावून बघू नका. पिकलेला टोमॅटो घ्या, सुरी त्यावर नुसती टेकवा आणि दाब न देता मागे ओढा. सालीत शिरली तर धार आहे. घसरली तर नाही. बोथट सुरीला जोर लावावा लागतो, आणि जोर लावलेली सुरी निसटली की कुठे जाईल सांगता येत नाही.

माझ्या मते पहिली खरेदी हीच असावी : आखूड, दातेरी, बोथट टोकाची सुरी. दाते फळाच्या सालीला पकडतात आणि पकडल्याचं मुठीत जाणवतं. साध्या पात्याचं तसं नाही, ते गुळगुळीत सालीवर आधी थोडं पळतं. दातेरी सुरीला घरी धार लावता येत नाही. बोथट झाली की बदलायची. साधी सुरी आणि कोयता मात्र लोहाराकडे किंवा धारवाल्याकडे द्या. दगडावर धार लावायचे प्रयोग मी एकदा केले, परत नाही.

७. सोलाणं कोणत्या आकाराचं?

लांब पात्याचं सोलाणं कुठे टेकलंय ते कळत नाही. पातं आडवं बसवलेलं, गुलेरीच्या दुबेळक्यासारखं, म्हणजे इंग्रजी Y सारखं सोलाणं घ्या. त्याचे दोन्ही हात फळावर टेकतात आणि पातं नेमकं त्यांच्या मधे असतं. फळ देठाकडून धरा, पहिली पट्टी म्हणजे घड्याळातले बारा. वरून खाली एक पट्टी काढा, फळ थोडं फिरवा, आधीच्या ओल्या पट्टीच्या कडेला नवी पट्टी. बारापर्यंत परत आलात की झालं. मग फळ पाण्यातून काढून बोटांची मागची बाजू फिरवा. साल गुळगुळीत लागते, सोललेला भाग ओलसर आणि जरा खरबरीत. राहिलेले ठिपके असे सापडतात.

पिकलेल्या हापूसवर सोलाणं चालवू नका. तो सालीसकट चिरायचा नाही तर पिळायचा. देठाशी अंगठा दाबून बघा. अंगठा सहज आत गेला तर त्याच्या फोडी कुठल्याही कटरने धड होणार नाहीत, रसच काढा. रायवळ असेल तर चोखा.

८. आता यंत्रं

इथवर सगळं तपासलं आणि तरी अडचण राहिली, तरच पैसे काढा. एक यंत्र एकच काम करतं, हे डोक्यात ठेवून घ्या.

काट्यासारखा कांदा धरायचा होल्डर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी. मोठ्या कंगव्यासारखे पोलादी दाते फळात खुपसायचे आणि सुरी दोन दात्यांच्या मधल्या फटीतून खाली आणायची. फोडी सारख्या जाडीच्या होतात, बोटं मागे मुठीवर राहतात. सफरचंद, पेरू, कैरी, लिंबू, सगळ्याला चालतो. पाचर आणि कागदवाली तक्रार याने मिटते.

अंड्याचा तारेचा कटर सोललेल्या केळ्याला. तारेने बोट कापायची भीती फारशी नाही.

सफरचंदाचा चाकासारखा कटर अडकतो याची दोन कारणं. मधली कडी बीच्या जागेवर बसलेली नसते, किंवा फळाला बूड केलेलं नसतं. देठाच्या खड्ड्यात बोट ठेवा, कडी त्या बोटाभोवती आणा, बोट काढा, मग दोन्ही मुठी एकदम दाबा. एका मुठीवर जोर पडला की तो तिरका होऊन रुततो. चिकूवर हा वापरू नका, लगदा होतो. चिकूच्या बिया अर्ध्या फोडीतून बोटानेच काढा, बीला टोकाशी बारीक आकडा असतो, तो घशात टोचतो.

आंब्याच्या कटरला मधे लांबट कडी असते. ती बाठ्याच्या लांबट टोकाशी जुळवली नाही की अर्ध्यात बसतो. म्हणजे पाचवी पायरी कटर असला तरी चुकत नाही. कडीचा माप ठरलेला असल्याने मोठ्या बाठ्याच्या तोतापुरीला तो छोटा पडतो. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने १९९२ साली आणलेल्या 'सिंधु' आंब्याचा बाठा अगदी पातळ असतो. त्या कलमाचे आंबे मिळाले तर कटर खणातच राहू द्या. अडकलेला कटर ओढून काढू नका. आंब्यासकट उलटा करून पाण्यात धरा आणि फळ हलवा, कटर नको.

अननसाच्या कोरकाची गोष्ट वेगळी. हे यंत्र मला मनापासून आवडतं. सालीवरचे डोळे काढत बसणं न बघता फार जिकिरीचं, आणि हा तो प्रश्नच ठेवत नाही. पण बुडाला भोक पडतं ते खोली न मोजल्याने. कोरक फळाच्या बाहेरून उभा धरा, टोक बुडापासून दोन बोटं वर ठेवा आणि दांड्यावर वरच्या काठाशी रबरबँड चढवा. मग आत फिरवताना रबर काठाला लागलं की थांबा. साल भांड्यासारखी अख्खी राहते, रस तिच्यातच उरतो. वरचा शेंडा आधी पिळून मोडा आणि डोक्याची चकती कापा. कोरक आतल्या दांड्यावर नीट मधोमध बसला पाहिजे, तो दांडा बोटाला कडक लागतो.

डाळिंबाला यंत्र नको. चार भाग करून पाण्याच्या पातेल्यात बुडवून मोडा. दाणे तळाशी जातात, पापुद्रे वर तरंगतात. श्रावण-भाद्रपदातल्या चिबडाला चमचा पुरे.

दुकानात पाकीट उघडायला लावा, लाजू नका. तीन गोष्टी हाताने बघा : धारेची बाजू कोणती ते धारेला हात न लावता, नुसत्या मुठीवरून ओळखता येते का? सुटे भाग किती? आणि स्प्रिंग, स्क्रू लोखंडी आहेत का? आमच्या खाऱ्या हवेत लोखंडी स्क्रू एका पावसात गंजतो आणि पातं डुगडुगायला लागतं. एकसंध स्टीलचं जे मिळेल ते घ्या, दिसायला बावळट असलं तरी चालेल.

न कापणारा हातमोजा मी नवशिक्यांना सांगते, तोही फळ धरणाऱ्या हातातच. धार घासली तर तो वाचवतो, टोक खुपसलं तर नाही. ओला झाला की निसटता होतो आणि बोटांना काही कळू देत नाही. महिना-दोन महिन्यांनी काढून टाकावासा वाटेल. टाका.

९. आडाळो

विळीला आमच्या मालवणीत आडाळो म्हणतात. मुंबईची मुलं आईचा आडाळो काढून घेतात आणि हातात नवी सुरी देतात. आयुष्यभर आडाळ्यावर बसलेल्या बाईची नजर गेली, तर माझा सल्ला उलटा आहे. सुरीने चिरताना धार हवेत फिरते आणि दर कापाला नव्याने कुठे आली ते ताडावं लागतं. आडाळ्याचं पातं पायाखालच्या पाटात रोवलेलं. दोन्ही हातांत फळ, आणि धार कालही तिथेच होती, आजही तिथेच. तुम्ही तिच्याकडे जायचं, ती तुमच्याकडे येत नाही.

पण ज्याने कधी आडाळो वापरला नाही त्याने नजर गेल्यावर शिकायला सुरुवात करू नये, म्हणूनच हे नववं. ज्यांना सवय आहे त्यांच्यासाठी नियम दोन. उठण्याआधी पातं मिटायचं, दारात कोणी हाक मारली तरी. आणि न मिटणारा असेल तर बागेच्या पाइपचा तुकडा उभा चिरून पात्यावर चढवायचा. पात्याचा सांधा डुगडुगत असेल तर त्या दिवसापासून वापर बंद. रिव्हेट घरी ठोकू नका, लोहाराला द्या.

कुठे थांबायचं

कापलं तर आधी रस धुवा. आंब्याचा रस आणि रक्त दोन्ही चिकट, न बघता फरक कळत नाही. स्वच्छ फडका घट्ट दाबून हात छातीच्या वर धरा, दहा मिनिटं, मधे उघडून चाचपू नका. दहा मिनिटांनी ओल परत येत असेल, बोटाचं टोक बधिर लागत असेल, किंवा बोट वाकत नसेल, तर हळद भरून बसू नका. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. रक्त जोरात उसळत असेल तर १०८ लावा. पातं गंजलेलं होतं तर जखम छोटी असली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारा. मधुमेह असेल तर कुठलीही जखम डोळस माणसाला रोज दाखवा.

देठ मोडताना आंब्याचा चीक उडतो आणि कातडी भाजल्यासारखी होते. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. "तसंही दिसत नाही" म्हणून सोडून देणारे मला भेटले आहेत. त्या डोळ्यालाही दुखतं, त्यालाही जंतुसंसर्ग होतो.

नजर नुकतीच गेली असेल आणि वरच्या पहिल्या पाच पायऱ्याही जमत नसतील, तर फोनवर विचारत बसू नका. घरकाम शिकवणारा प्रशिक्षित माणूस शेजारी बसून हात धरून शिकवतो, ते मला फोनवरून जमत नाही. मुंबईत १९५२ पासून नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड आहे, तिथून चौकशीला सुरुवात करता येते.

मिक्सरच्या आणि विजेवरच्या ज्यूसरच्या पात्यात काही अडकलं तर प्लग काढा आणि थांबा. तिथे बोट घालून मी सुद्धा बघत नाही.

नारळ सोलणं आणि कापा फणस फोडणं, दोन्ही कोयत्याची कामं. ती मी करत नाही. बरका असेल तर कोयता लागतच नाही, पूर्ण पिकला की हाताने उकलतो. कापा असला तर शेजारच्या भावोजींना हाक मारते. ते अंगणात गोणपाट पसरून चार खांडं करतात, मधला दांडा तासून देतात आणि कोयता स्वतःबरोबर घेऊन जातात. मग मी हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळते, कारण फणसाचा चीक तेलाने सुटतो, पाण्याने नाही, आणि गरे काढायला बसते. आठळ्या वेगळ्या टोपात.